संजय मांजरेकर : खेळपट्टीवरून समालोचन कक्षात

भारताचे माजी कसोटीपटू संजय मांजरेकर यांची कारकीर्द दोन खेळ्यांची आहे. पहिली बॅट हाती घेऊन खेळलेली. दुसरी मायक्रोफोन हाती घेऊन. दुसरी खेळी पहिलीपेक्षा लांबली आणि अधिक वादळी ठरली.

12 जुलै 1965 रोजी मंगळूर येथे जन्मलेल्या संजय यांना क्रिकेटचा वारसा घरातूनच मिळाला. वडील विजय मांजरेकर यांनी 55 कसोटींत 3208 धावा केल्या होत्या. तंत्रशुद्ध बचाव ही पिता-पुत्रांची समान ओळख. वेस्ट इंडीजविरुद्ध 1987 मध्ये दिल्लीत संजय यांनी कसोटी पदार्पण केले. मात्र दुसऱ्या डावात विन्स्टन बेंजामिनचा चेंडू डोळ्याजवळ लागल्याने त्यांना जखमी होऊन परतावे लागले.

त्यानंतरचे पुनरागमन दिमाखदार होते. 1989 मध्ये ब्रिजटाउन येथे मार्शल, अॅम्ब्रोज, वॉल्श आणि बिशप यांच्या माऱ्यासमोर त्यांनी 108 धावा काढल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तान दौऱ्यातील चार कसोटींत त्यांनी 569 धावांची लयलूट केली. त्यात कराचीतील नाबाद 113 आणि लाहोरमधील 218 धावांचा समावेश होता. सचिन तेंडुलकरने पदार्पण केले ती हीच मालिका.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये 1990-91 च्या रणजी उपांत्य सामन्यात त्यांनी हैदराबादविरुद्ध 377 धावा फटकावल्या. भाऊसाहेब निंबाळकर यांनी 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्रासाठी केलेल्या नाबाद 443 धावांनंतरची रणजीतील ही सर्वोच्च खेळी दीर्घकाळ अबाधित राहिली. अखेर जानेवारी 2023 मध्ये पृथ्वी शॉने 379 धावा करून ती मागे टाकली.

एवढी गुणवत्ता असूनही आंतरराष्ट्रीय आलेख पुढे उंचावला नाही. 1992 मध्ये हरारेत झिंबाब्वेच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी आठ तासांहून अधिक काळ किल्ला लढवून 104 धावा केल्या. पण तंत्राच्या अतिचिकित्सेत त्यांची सहजता हरवत गेल्याचे मानले जाते. 1996 मध्ये ते अखेरची कसोटी खेळले. 37 कसोटींत 2043 धावा आणि चार शतके, तर 74 एकदिवसीय सामन्यांत 1994 धावा असा हिशेब मागे राहिला. चारही कसोटी शतके परदेशात झळकली, हे विशेष.

1990 च्या दशकाच्या अखेरीस खेळाला रामराम ठोकल्यानंतर ते दूरचित्रवाणीवरील समालोचनाकडे वळले. स्वतःच्या फलंदाजीची ज्या कठोरपणे त्यांनी चिरफाड केली, तोच निकष इतरांना लावला. 'इम्परफेक्ट' अर्थात 'अपूर्ण' असे आत्मचरित्राचे नाव ठेवणाऱ्या या माणसाने दुसऱ्यांनाही सवलत दिली नाही.

याच स्पष्टवक्तेपणाने 2019 मध्ये वादळ उठवले. विश्वचषकादरम्यान रवींद्र जडेजाला 'तुकड्या-तुकड्यांत खेळणारा' खेळाडू संबोधल्यावर जडेजाने जाहीरपणे सुनावले आणि न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात 59 चेंडूंत 77 धावा काढून मैदानावरही उत्तर दिले. जडेजाने आपल्याला चुकीचे ठरवल्याचे मांजरेकर यांनी मान्य केले. त्याच वर्षी कोलकात्यातील दिवस-रात्र कसोटीत सहकारी हर्षा भोगले यांना उद्देशून काढलेल्या उद्गारांबद्दल त्यांनी पुढे खेद व्यक्त केला.

मार्च 2020 मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना समालोचकांच्या ताफ्यातून वगळले. व्यावसायिक म्हणून निर्णय स्वीकारत असल्याचे त्यांनी सांगितले. प्रश्न मात्र एका व्यक्तीपुरता नव्हता. भारतातील सामन्यांसाठी समालोचक निवडण्यात मंडळाचा शब्द निर्णायक असेल, तर त्याच मंडळाच्या संघावर परखड बोलण्याचे स्वातंत्र्य समालोचकाला कितपत उरते? शब्द जपून वापरणे ही समालोचकाची जबाबदारी खरीच. पण टीकेची धार बोथट झाली, तर प्रेक्षकांच्या वाट्याला केवळ स्तुतिपाठ येतो.

मांजरेकर यांचा आवाज मात्र थांबला नाही. 2020 च्या अखेरीस भारताच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते पुन्हा समालोचन करताना दिसले. ऑगस्ट 2022 मध्ये आशिया चषकात पाकिस्तानवरील विजयानंतर त्यांनी जडेजाची मुलाखत घेतली. माझ्याशी बोलायला हरकत नाही ना, या त्यांच्या पहिल्याच प्रश्नावर आपल्याला काहीच अडचण नसल्याचे जडेजाने हसत सांगितले आणि तीन वर्षांपूर्वीच्या वादावर पडदा पडला.