हाँगकाँगचं मैदान नेमकं कोणाचं?

कानात इयरफोन आणि पायात बूट घालून, चालता चालता आपला पॉडकास्ट ऐकणारे बरेच जण आहेत. आजचा भाग खास त्यांच्यासाठी. कारण आजचा प्रश्न आहे, दाटीवाटीच्या शहरात हातपाय हलवायला जागा मिळते कोणाला?

चला हाँगकाँगला. १८४१ मध्ये ब्रिटिशांनी हे बेट घेतलं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर, मध्ये सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. त्यातही १८५१ मध्ये क्रिकेट क्लब निघाला आणि शहराच्या ऐन मध्यावर गोऱ्या साहेबांचं हिरवंगार मैदान झालं.

तिथून जवळच ताइपिंगशान ही चिनी वस्ती होती. एकेका खोलीत कितीतरी माणसं, ना हवा ना उजेड. १८९४ मध्ये इथे प्लेग पसरला. हाच प्लेग दोन वर्षांनी आपल्या मुंबईत पोचला, बरं का!

साहेबांची कुटुंबं मात्र उंचावर, ‘पीक’ नावाच्या डोंगरावर राहू लागली. तिथे हवा थंड, फिरायला मोकळे रस्ते. आधी पालखीसारख्या खुर्चीतून हमाल त्यांना वर वाहून न्यायचे, मग १८८८ मध्ये ट्राम आली. १९०४ मध्ये तर कायदाच झाला: चिनी माणसानं पीकवर घर करायचं नाही. अपवाद कोणाचा? नोकरांचा! म्हणजे साहेबांची मुलं सांभाळणारी चिनी आया तिथे राहू शकत होती, पण तिचं स्वतःचं कुटुंब नाही. हा कायदा १९४६ मध्ये रद्द झाला.

आता पुन्हा खाली, त्या मैदानावर येऊ. १९७५ मध्ये क्लब दुसरीकडे गेला आणि तिथे सगळ्यांसाठी ‘चेटर गार्डन’ ही बाग झाली. ज्यांचं नाव बागेला दिलं, ते पॉल चेटर जन्मले कोलकात्यात, आर्मेनियन कुटुंबात. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले!

आज रविवारी या भागात कोण दिसतं? फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून घरकामाला आलेल्या बायका. शहरात अशा कामगारांची संख्या तीन लाखांहून जास्त आहे. नियमानं त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं. अनेकींना स्वतःची खोली नाही, आणि हक्काची सुट्टी आठवड्यातून एकच दिवस. मग त्या पुठ्ठे अंथरून बसतात, डबे उघडतात, घरी मुलांना व्हिडिओ कॉल करतात, स्पीकर लावून नाचाचा सराव करतात. हाच त्यांचा व्यायाम, हीच बैठकीची खोली.

आणखी एक गोष्ट. परदेशातून नोकरीला आलेला बँकवाला हाँगकाँगमध्ये सलग सात वर्षं राहिला, की कायमच्या वास्तव्याचा हक्क मागू शकतो. या बायका वीस वर्षं राहिल्या तरी नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हेच कायम केलं. परदेशातून दोघंही आले, पण एकाला आपण ‘एक्सपॅट’ म्हणतो, दुसरीला ‘कामवाली’.

साहेबांचं मैदान सगळ्यांचं व्हायला सव्वाशे वर्षं लागली. त्या मैदानावर नाचणाऱ्या बाईला शहर आपलं म्हणेल, त्याला अजून किती लागतील?

तुमच्या शहरातल्या मैदानाची गोष्ट काय आहे? आजीआजोबांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा!