धरणीचा कंप आणि आकाशाची साक्ष



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना भूकंप म्हणजे काय हे सांगावयास नको. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली होती. चारच्या सुमारास किल्लारीची भूमी हादरली. आपल्या अंबाजोगाईहून ते गाव पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. धक्का बीड जिल्ह्यातही जाणवला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली दडपून मेली. अशा प्रसंगानंतर अंगणात अंथरूण टाकून आभाळाकडे पाहणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो : याची चाहूल आधी लागली नसती काय? आज आपणांस त्या आभाळाचीच साक्ष काढावयाची आहे.

भूकंप जमिनीत होतो. आकाशाशी त्याचा संबंध काय? संबळावर काठी पडली की कातडे थरथरते आणि त्या थरथरीने हवा हलते. मोठ्या भूकंपात विस्तीर्ण भूभाग असाच वरखाली होतो व वरच्या हवेला ढकलतो. हा नाद इतका खर्जातला असतो की तो आपल्या कानास ऐकू येत नाही. तो वर चढू लागला की हवा विरळ होत जाते. तीच शक्ती थोड्या हवेच्या वाट्यास येते, म्हणून हेलकावा वाढत जातो. जमिनीजवळ मिलिमीटरभर असलेली हालचाल शेदोनशे किलोमीटर उंचीवर कित्येक मीटरांची होते. आठदहा मिनिटांत ही लाट आयनांबरात पोचते. सूर्याच्या किरणांनी तेथील हवेचे कण विद्युद्भारित झालेले असतात. दूरदेशीच्या रेडिओ केंद्रांच्या लघुलहरी ह्याच थरावरून परतून आपल्याकडे येतात.

तेव्हा ह्या गोष्टीचा स्पष्ट पुरावा प्रथम रेडिओनेच दिला, यात नवल नाही. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ महत्तेचा भूकंप झाला आणि हजारो किलोमीटर दूर असलेल्या केंद्रांनी आयनांबरातील खळबळ टिपली. पुढे उपग्रह आले. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, कॅलिफोर्नियात नॉर्थरिज येथे ६.७ महत्तेचा भूकंप झाला. जीपीएस उपग्रहांचे संदेश आयनांबरातूनच खाली येतात. त्या संदेशांत ह्या भूकंपाची खूण सापडली. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर तर, बारवेत खडा टाकावा तशी वर्तुळे आयनांबरात पसरताना दिसली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपाचे असेच पडसाद नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी अभ्यासिले. किल्लारीची महत्ता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या भूकंपाचा वर उमटणारा ठसा फारच पुसट असतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेविली पाहिजे. आकाशाची ही साक्ष घटनेनंतरची आहे. भूकंपापूर्वीही आयनांबर विस्कळित होते असे काही संशोधक म्हणतात. परंतु त्याविषयी एकमत नाही आणि त्यावरून खात्रीचा इशारा देता येत नाही. किनाऱ्यावर मात्र ह्या विद्येचा उपयोग होऊ शकतो. त्सुनामीला किनारा गाठावयास वेळ लागतो आणि आकाशातील लाटांवरून तिचा अंदाज बांधता येईल, ह्या दिशेने प्रयत्न चालू आहेत.

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही. भूकंप आणि घर कोसळणे यांत आपल्याला मिळतात ते क्षण. आठदहा मिनिटे नव्हेत. म्हणून उद्या कोणी आभाळाच्या रंगावरून भूकंपाची तारीख सांगू लागला, तर त्याच्या नादी लागू नये. त्यापेक्षा घरी गेल्यावर आपल्या भिंतींना बांधून धरणारा पट्टा आहे काय आणि छतावर मातीचे ओझे किती आहे, हे पाहावे. किल्लारीत माणसे मेली ती घरे पडल्यामुळे. आणि घर कसे बांधावे, हे तर आपल्या हाती आहे.