आधी हाताला काम, मग पेठ



१८६० साली सोलापुरात रेल्वे आली आणि १८७७ साली 'जुनी गिरणी' उभी राहिली. पाठोपाठ नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या आल्या. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे माग घराघरांत खडखडू लागले. शहराचा मध्यभाग याच मजुरीवर वाढला. पगार झाला की नवी पेठ, मधला मारुती माणसांनी फुलून जाई. अप्पासाहेब वारदांनी बांधलेले इंद्रभुवन हीसुद्धा त्या भरभराटीचीच खूण.

पुढे एकेक गिरणी बंद पडली. भोंगे थांबले आणि पेठेतल्या दुकानांच्या वह्यांत उधारी वाढत गेली.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली. रस्त्यांची कामे निघाली, इंद्रभुवनचीही डागडुजी झाली. जुनी वास्तू जपली गेली याचा आनंद आहेच. पण आपल्या गावाचा इतिहास पाहिला तर पेठ सजली म्हणून गिरणी आली नव्हती. आधी हाताला काम मिळाले, मग पेठ सजली.

आज आपल्यातले कितीतरी जण पुण्या-बंगळुरात संगणकासमोर बसून पोट भरतात. या कामाला ना कापसाच्या गाठी लागतात, ना उंच चिमणी. त्यातले थोडे काम जरी सोलापुरात आणता आले, तरी इथल्या मुलांना गाव सोडावे लागणार नाही. त्यांचा पगार नवी पेठेत खर्च होईल. संमेलनात जेवणावळी झाल्यावर एवढ्या विषयावर आपण तासभर बसू या.