मूठभरांचे राजकारण

अमेरिकेतील ज्यूंच्या राजकारणामागे न्यूयॉर्कमधील संख्याबळ होते. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायल मुंबईत मूठभरच. तरीही १९१७ साली त्यांची परिषद भरली आणि लगोलग निराळी इस्रायलाइट लीगही निघाली. एवढ्याशा समाजात दोन संस्था! मराठीपणाची खूण म्हणावी काय? प्रश्न मात्र गंभीर होता: राजकारणात उतरावे ते अल्पसंख्य म्हणून, की हिंदी नागरिक म्हणून? लीगमधील डेव्हिड एरुलकरांचा ओढा राष्ट्रीय सभेकडे होता; त्यांचे बंधू डॉ. अब्राहम हे गांधीजींच्या चिकित्सकांपैकी एक. पुढे १९३७ साली डॉ. एलिजा मोझेस मुंबईचे महापौर झाले, तेही बहुसंख्य परधर्मीय नगरसेवकांच्या मतांनी. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.