ओल्ड ट्रॅफर्डवरील बहिष्कार



मँचेस्टर हें नांव उच्चारलें म्हणजे आपल्याकडे इतिहास वाचलेल्या माणसाच्या मनांत प्रथम येतें तें कापड, आणि त्या कापडावर आपण घातलेला बहिष्कार. आजच्या तरुणांना मात्र तेंच नांव फुटबॉलमुळें ठाऊक असतें. मला ज्या घटनेविषयीं बोलावयाचें आहे, तिच्यांत ह्या दोन्ही गोष्टींची गांठ पडते. १९३० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत खुद्द मँचेस्टर शहरांत एक बहिष्कार पुकारला गेला. तो कापडावर नव्हता. मँचेस्टर युनायटेड ह्या फुटबॉल क्लबच्या सामन्यावर होता. आणि तो पुकारणारे क्लबचे वैरी नव्हते, तर त्याचे अत्यंत निष्ठावंत चाहते होते.

खेळाच्या एका संघावर त्याचे चाहते रुसले, ह्यांत इतिहासानें दखल घ्यावी असें काय आहे, असें कोणी विचारील. माझ्या मतें ह्या प्रकरणाच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. जी संस्था लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या प्रेमावर चालते, पण कायद्यानें मूठभर भागधारकांच्या मालकीची असते, ती डोळ्यांदेखत ढांसळूं लागली तर लोकांनीं काय करावें? मुकाट्यानें सोसावें, बोलून दाखवावें, कीं पाठ फिरवावी?

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. ह्या क्लबचा जन्म १८७८ सालीं न्यूटन हीथ ह्या भागांत झाला. लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यांतील कामगारांनीं तो काढला होता. १९०२ सालीं कर्जापायीं तो बुडण्याच्या बेतांत असतांना जॉन हेन्री डेव्हिस नांवाचे बिअरच्या धंद्यांतील धनिक पुढें आले. त्यांनीं पैसा घातला, क्लबला नवें नांव मिळालें आणि पुढील कांहीं वर्षें वैभवाचीं गेलीं. १९०८ आणि १९११ सालीं लीगचें अजिंक्यपद, १९०९ सालीं एफ. ए. कप, आणि १९१० सालीं ओल्ड ट्रॅफर्डचें भव्य मैदान, असा तो चढता काळ होता. मैदानासाठीं लागलेला सुमारें ६०,००० पौंड खर्च डेव्हिस ह्यांनीं सोसला.

पण एका माणसाच्या औदार्यावर उभी राहिलेली इमारत त्या माणसाबरोबरच खचूं लागते. पहिल्या महायुद्धानंतर संघाची घसरण सुरू झाली. १९२२ सालीं तो दुसऱ्या श्रेणींत गेला आणि १९२५ सालीं वर आला. १९२६ सालीं त्याचे व्यवस्थापक जॉन चॅपमन ह्यांना फुटबॉल असोसिएशननें निलंबित केलें आणि १९२७ सालीं डेव्हिस वारले. त्याच सालीं हर्बर्ट बॅम्लेट हे व्यवस्थापक झाले. परंतु नवे खेळाडू आणण्यास त्यांच्या हातीं पैसा नव्हता. शहराच्या दुसऱ्या बाजूस मँचेस्टर सिटी हा प्रतिस्पर्धी क्लब मात्र जोरांत होता. मॅट बस्बी ह्या सिटीच्या तरुण खेळाडूविषयीं युनायटेडनें १९३० सालीं चौकशी केली, आणि १५० पौंडांची रक्कम परवडत नाहीं म्हणून विषय सोडून दिला, असें सांगतात. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां १९३०-३१ च्या हंगामाकडे वळूं. ३० ऑगस्ट रोजीं अॅस्टन व्हिलाविरुद्ध घरच्या मैदानावर युनायटेड ४-३ असा हरला. तीन गोल करून हरणें, ह्यांत अजून थोडी अब्रू होती. मिडल्सबरोकडून ३-१ आणि चेल्सीकडून ६-२ अशी हार झाल्यावर संघ घरीं परतला. १० सप्टेंबर रोजीं हडर्सफील्डनें सहा गोल चढविले आणि १३ सप्टेंबर रोजीं न्यूकॅसलनें सात. चार दिवसांत, आपल्याच मैदानावर, आपल्याच लोकांसमोर तेरा गोल! ऑक्टोबरच्या आरंभीं सिटीनें ४-१ असें हरविलें, तेव्हां जखमेवर मीठही चोळलें गेलें. हंगामाचे पहिले बारा सामने ह्या संघानें ओळीनें गमावले. त्या बारा सामन्यांत त्याच्यावर ४९ गोल झाले. त्यानें केले १४.

हे आंकडे वाचणें सोपें आहे. पाहणें कसें असेल ह्याची कल्पना करावी लागते. मँचेस्टरचा सामान्य प्रेक्षक हा गिरण्यांतला, गोदींतला, रेल्वेंतला कष्टकरी. मंदीचा काळ, लँकशायरच्या कितीक गिरण्यांचीं धुराडीं थंड पडलेलीं. अशा दिवसांत शनिवारीं दुपारीं निदान एक शिलिंग मोजून तो उभ्यानें सामना पाहावयास जाई. आठवड्यांतील तेवढीच एक हौस. आणि तेथून तो मान खालीं घालून परते.

मग त्यानें राग कोणावर काढावयाचा? खेळाडूंवर तो निघालाच नाहीं असें कोण म्हणेल? सात गोल खाणाऱ्या बचावफळीस टाळ्या मिळत नसतात. परंतु खेळाडूही त्याच वर्गांतले होते. त्या काळीं इंग्लंडांत फुटबॉलपटूच्या वेतनास कमाल मर्यादा होती: हंगामांत आठवड्यास ८ पौंड, उन्हाळ्यांत ६. जो स्पेन्स हा खाणींत राबलेला खेळाडू १९१९ पासून ह्या संघांत होता. ‘चेंडू जोकडे द्या’ अशी हांक प्रेक्षकांतून उठत असे. संघ बुडत असतांनाही तो धांवत राहिला. अशा माणसांना दोष देण्यांत अर्थ नाहीं, दोष त्यांच्या जागीं चांगले सोबती न आणणाऱ्यांचा आहे, असें विचारी चाहत्यांचें मत बनत गेलें.

ह्या मताला वाचा फोडली ती सपोर्टर्स क्लब ह्या चाहत्यांच्या मंडळानें आणि त्याचे चिटणीस जॉर्ज ग्रीनहॉफ ह्यांनीं. त्यांच्या मागण्या पांच होत्या: नवा व्यवस्थापक नेमावा, होतकरू खेळाडू हुडकण्याची व्यवस्था सुधारावी, नवे खेळाडू घ्यावे, भागधारकांनीं निवडलेले नवे संचालक यावे, आणि लागणारें भांडवल नवे भाग विकून उभारावें. ह्या मागण्यांत आरडाओरड नाहीं हें लक्षांत घ्यावें. रोग काय, त्याचें कारण काय आणि औषधास पैसा कोठून येईल, इतकें सर्व त्यांत आहे. संचालकांनीं मात्र ह्या मंडळास दाद दिली नाहीं. प्रेक्षक हा तिकीट घेणारा गिऱ्हाईक; कारभारांत त्याला मत कसलें, अशीच एकंदर वृत्ति होती.

१७ ऑक्टोबर १९३० रोजीं हल्म टाउन हॉलमध्यें सभा भरली. सुमारें ३,००० लोक जमले. दुसऱ्या दिवशीं आर्सेनलशीं सामना व्हावयाचा होता. क्लबच्या वैभवकाळांतील कप्तान चार्ली रॉबर्ट्स सभेस आले आणि त्यांनीं बहिष्काराविरुद्ध सल्ला दिला. हे रॉबर्ट्स कांहीं संचालकांचे हुजरे नव्हते. खेळाडूंची संघटना उभारण्याकरितां १९०९ सालीं फुटबॉल असोसिएशनशीं झगडलेल्यांपैकीं ते एक होते. अशा माणसाचा सल्लाही सभेनें मानला नाहीं. संचालकांवर अविश्वासाचा ठराव झाला आणि आर्सेनलच्या सामन्यावर बहिष्कार ठरला.

दुसरा दिवस उजाडला. ओल्ड ट्रॅफर्डवर २३,४०६ प्रेक्षक आले! त्या हंगामांत तेथें त्यापूर्वीं कोणत्याही सामन्यास इतके लोक जमले नव्हते. आर्सेनल हा आदल्या मोसमाचा कपविजेता संघ; त्याचा खेळ पाहण्याचा मोह अनेकांस आवरला नाहीं. युनायटेड २-१ असा हरला. बहिष्कार फसला असें सर्वांनीं म्हटलें, आणि तें खरेंच होतें.

तो कां फसला, हें पाहण्यासाठीं त्याच सुमारास आपल्या देशांत चाललेल्या बहिष्काराकडे पाहिलें पाहिजे. बहिष्काराला इंग्रजींत जो शब्द आहे तो १८८० सालीं आयर्लंडांतील मेयो परगण्यांत कॅप्टन बॉयकॉट ह्या जमिनदारी कारभाऱ्याच्या नांवावरून पडला. पुढें १९०५ च्या वंगभंगानंतर त्या हत्याराला आपल्याकडे धार चढली, आणि १९३० च्या सत्याग्रहांत परदेशी कापडावरील बहिष्कार देशभर पसरला. १२ डिसेंबर १९३० रोजीं, म्हणजे हल्मच्या सभेनंतर दोन महिन्यांच्या आंतच, मुंबईस काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडाची लॉरी अडवितांना बाबू गेनू ह्यांनीं देह ठेविला. राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा लढा आणि खेळाच्या चाहत्यांचा रुसवा एका तराजूंत घालण्याचा उद्देश नाहीं. पण ह्या दोन प्रसंगांतील भेद बोधप्रद आहे. परदेशी कापड टाकणाऱ्यापुढें खादी होती. गिरण्यांचें देशी कापड होतें. एक वस्तु टाकून दुसरी घेतां येत होती, आणि त्या घेण्यांत अभिमान होता. युनायटेडच्या चाहत्यानें काय घ्यावयाचें? शहरांत सिटीचा क्लब होता, आणि तो चांगला खेळत होता. परंतु बाप, चुलते, शेजारी ज्या संघासाठीं ओरडत आले तो सोडून केवळ खेळ चांगला म्हणून दुसऱ्यासाठीं ओरडणें हें ज्याला जमतें, तो मुळांत चाहताच नव्हे. जें बदलतां येत नाहीं त्यावर बहिष्कार घालणें म्हणजे स्वतःच उपाशी राहणें. म्हणून शुक्रवारीं रात्रीं हात वर करणारे कितीएक शनिवारीं दुपारीं मैदानावर दिसले असतील, तर मी त्यांना दांभिक म्हणणार नाहीं.

मात्र सभेच्या ठरावानें जें झालें नाहीं तें निराशेनें हळूहळू घडवून आणलें. १ नोव्हेंबर रोजीं बर्मिंगहॅमला हरवून संघानें पहिला विजय मिळविला खरा, पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता. हंगामअखेर ४२ सामन्यांत ७ विजय, २७ पराभव, अंगावर ११५ गोल, गुण अवघे २२ आणि स्थान शेवटचें, असा हिशेब झाला. २ मे १९३१ रोजींच्या अखेरच्या सामन्यास ओल्ड ट्रॅफर्डवर ३,९६९ माणसें होतीं. दुसऱ्या श्रेणींतील पुढच्या हंगामांत, २ सप्टेंबर १९३१ रोजीं साउथॅम्टनविरुद्ध, तीही घटून ३,५०७ झालीं. हा बहिष्कार कोणीं पुकारला नव्हता, ह्यासाठीं पत्रकें निघालीं नव्हतीं. ज्या संचालकांनीं बोलणाऱ्यांचें ऐकलें नाहीं, त्यांना न बोलतां निघून जाणाऱ्यांनीं उत्तर दिलें. संस्थाचालकांनीं भ्यावें तें ह्या दुसऱ्या प्रकाराला. जो भांडतो तो अजून आपला असतो.

१९३१ च्या डिसेंबरांत पेढीनें आणखी कर्ज नाकारलें आणि खेळाडूंचे पगार द्यावयासही पैसा उरला नाहीं. बॅम्लेट एप्रिलांतच गेले होते. चिटणीस वॉल्टर क्रिकमर हेच संघाचाही भार वाहत होते. अशा वेळीं लष्करी गणवेश शिवणाऱ्या कारखान्याचे मालक जेम्स गिब्सन पुढें आले. त्यांनीं २,००० पौंड दिले, पगार भागविले, खेळाडूंस नाताळासाठीं टर्की पक्षीही दिले. पण लोक मैदानावर परत येत असतील तरच आपण पुढील भार घेऊं, असें त्यांचें म्हणणें होतें. लोकांनीं उत्तर दिलें. २५ डिसेंबर रोजीं वुल्व्हरहॅम्टनविरुद्ध ३३,१२३ प्रेक्षक आले आणि संघ ३-२ असा जिंकला. दुसऱ्याच दिवशीं त्याच प्रतिस्पर्ध्यानें आपल्या मैदानावर त्याला ७-० असें लोळविलें, हेंही सांगितलें पाहिजे. इतिहास नाटकासारखा सोयीचा नसतो.

संकट तेथें संपलें नाहीं. ५ मे १९३४ रोजीं लंडनांत मिलवॉलशीं सामना होता. हरला असता तर संघ तिसऱ्या श्रेणींत गेला असता. मॅन्ली आणि केप ह्यांच्या दोन गोलांनीं तो वांचला. १९३६ सालीं वर, १९३७ सालीं खालीं, १९३८ सालीं पुन्हां वर, अशी फरफट झाली. पण त्याच सुमारास होतकरू मुलांसाठीं स्वतंत्र शाखा निघाली. महायुद्धांत, १९४१ सालीं, मैदान बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झालें. १९४५ सालीं नवे व्यवस्थापक आले: तेच मॅट बस्बी, ज्यांच्यासाठीं एकेकाळीं १५० पौंड नव्हते. १९४८ सालीं कप आणि १९५२ सालीं लीग हातीं आली.

आतां हल्मच्या पांच मागण्या ह्या घटनांशीं ताडून पाहाव्या. नवा व्यवस्थापक, नवे खेळाडू, होतकरूंचा शोध, कारभारांत नवीं माणसें, नवें भांडवल: क्लब वर आला तो ह्याच पांच पायऱ्यांनीं. फरक इतकाच कीं, लोकांच्या हातून भाग विकून जें व्हावें असें चाहत्यांनीं म्हटलें होतें, तें पुन्हां एका धनिकाच्या औदार्यानें झालें. मूळचा रोग, म्हणजे एकावरच सर्व भार, तो तसाच राहिला.

म्हणूनच हा तंटा मिटलेला नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील ग्लेझर कुटुंबानें कर्ज काढून हा क्लब विकत घेतला आणि तें कर्ज क्लबवरच चढविलें, तेव्हां कांहीं चाहत्यांनीं वेगळे निघून एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. १९३० सालच्या चाहत्यापुढें जो पर्याय नव्हता, तो ह्यांनीं आपल्या हातानें उभा केला. इतरांनीं २०१० सालीं न्यूटन हीथच्या हिरव्या-सोनेरी रंगांचे गळपट्टे पांघरून निषेध केला. २ मे २०२१ रोजीं तर लोक थेट मैदानांत शिरले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढें ढकलावा लागला. त्यानंतर २०२४-२५ च्या हंगामांत संघ पंधराव्या स्थानीं राहिला.

सोसावें, बोलावें कीं पाठ फिरवावी, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या ३,००० लोकांनीं दिलें तें मला अजून योग्य वाटतें. ते आधीं बोलले. नुसतें बोलले नाहींत, तर काय करावें तें कलमवार मांडून बोलले. त्यांचा बहिष्कार एका दुपारींच मोडला, परंतु त्यांची यादी चुकली नव्हती. संचालकांपैकीं कोणीं ती शांतपणें वाचली असती, तर कदाचित् दुसऱ्या वर्षीं खेळाडूंना रिकाम्या तिजोरीसमोर पगाराची वाट पाहत उभें राहावें लागलें नसतें.