गिओन मात्सुरी

जपानमधील क्योतो शहरात जुलैचा संपूर्ण महिना चालणारा यासाका देवस्थानाचा उत्सव. इ. स. 869 मध्ये रोगराई पसरली, तेव्हा कोपलेल्या शक्तींना शांत करण्यासाठी 66 प्रांतांच्या नावाने तितकेच भाले उभारून पूजा करण्यात आली; तेथून ही परंपरा चालत आली, असे मानतात. ओनिन युद्धामुळे (1467–77) खंडित झालेली मिरवणूक 1500 मध्ये पुन्हा निघाली.

17 व 24 जुलैला निघणारे रथ हे खरे आकर्षण. सर्वांत मोठे रथ सुमारे 25 मीटर उंच आणि 12 टनांच्या आसपास वजनाचे. सांगाडा खिळ्यांविना, नुसत्या दोरांनी बांधलेला. अंगावर सोळाव्या शतकातील बेल्जियन पडदेही झळकतात. धनिक व्यापाऱ्यांची हौस, दुसरे काय!

चाके वळत नाहीत, त्यामुळे चौकात कसोटी लागते. चाकांखाली बांबूच्या चिरफाळ्या अंथरून त्यांवर पाणी ओततात आणि ओढकरी एका दमात रथ आडवा सरकवतात. काटकोन साधायला असे तीनेक झटके द्यावे लागतात.

काकडीची आडवी चकती देवस्थानाच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून उत्सवातील अनेक मंडळी महिनाभर काकडी वर्ज्य करतात. या रथोत्सवाची 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंद झाली.