नागपूरच्या ओळीत कोणती तारीख?

राजकीय हिंसा आणि सत्तांतर या विषयावर पीएच.डी. करणाऱ्याला कधी ना कधी एक टेबल बनवावंच लागतं. राज्य कोणतं, तारीख कोणती, मेलं कोण, गादीवर आलं कोण. डेटाबेसवाल्याच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो, नागपूरच्या ओळीत तारीख कोणती भरायची?

शाळेतलं उत्तर सोपं आहे. सीताबर्डीची लढाई, २६-२७ नोव्हेंबर १८१७. अप्पासाहेब भोसले हरले, इंग्रज जिंकले, खेळ खलास!

पण जरा मागे जाऊ. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी वारले. गादीवर आले त्यांचे चिरंजीव परसोजी, पण ते अधू असल्यामुळे कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांकडे गेला. दरबारातल्या विरोधकांना शह द्यायला त्यांनी २७ मे १८१६ ला इंग्रजांशी गुपचूप तैनाती फौजेचा तह केला. हाच तह रघुजींनी अखेरपर्यंत टाळला होता.

१ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी परसोजी मेलेले आढळले. अप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. पुढे इंग्रजांनी त्यांनाच राजा म्हणून मान्यता दिली. लढाईनंतर डिसेंबरात ते शरण आले, तरी जानेवारी १८१८ मध्ये त्यांना परत गादीवर बसू दिलं! मार्चमध्ये कटाच्या आरोपावरून अटक झाली आणि आता परसोजींच्या खुनाचा आरोपही पुढे आला. खून त्यांनीच करवला असं सहसा मानलं जातं, तेव्हा त्यांची वकिली मी करत नाही. पण एकच मृत्यू १८१७ मध्ये राज्याभिषेकाच्या आड आला नाही, आणि १८१८ मध्ये तोच गादीवरून उतरवायला उपयोगी पडला, हे विसरू नये.

अप्पासाहेब प्रयागच्या वाटेवर निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला राहिले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. इकडे अल्पवयीन तिसरे रघुजी गादीवर, कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे. डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं. लढाई वगैरे काही नाही. राजवाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले, बस्स.

असो. मी तरी २७ मे १८१६ हीच तारीख भरीन. मृतांच्या रकान्यात शून्य येईल, हे खरं. पण त्या दिवसानंतर नागपूरच्या गादीवर कोण बसणार, हे नागपुरात ठरलंच नाही.